मधातलं औषध

गोळ्यांची पट्टी दुपारपासून टेबलावर तशीच पडून होती. मिस्त्री तिच्यासमोर खुर्ची टाकून बसला होता. आतल्या खोलीतून बायकोचा खोकला आला की त्याची नजर आपोआप त्या पट्टीकडे जायची. पिवळ्या-करड्या कॅप्सूल, सगळ्या जागच्या जागी. एकीचंही वेष्टण फुटलेलं नव्हतं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दहा-बारा मजल्यांच्या इमारतींत लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत उतरायचं, दोरांना हात लावून पाहायचं, ब्रेक तपासायचे, हेच त्याचं काम. खाली पाहून त्याला कधी गरगरलं नव्हतं. पण कालपासून मात्र त्याला भीती वाटत होती. बायकोला सातवा महिना होता आणि तिला फ्लू झाला होता.

आणि हा फ्लू घरात आणला होता त्यानंच. गेल्या आठवड्यात विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाची लिफ्ट बंद पडली होती, तिथं जो तो खोकत होता. दुसऱ्या दिवसापासून त्याचंही अंग कसकसायला लागलं. साधी सर्दी, म्हणत त्यानं ती अंगावर काढली, दोन दिवसांत ठणठणीतही झाला. मग काल सकाळी बायको उठली ती कुडकुडतच.

आज सकाळी तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला होता. त्यांनी नाकात कांडी घालून तपासणी केली आणि फ्लूच असल्याचं सांगितलं. ही विषाणूवरची गोळी आजच सुरू करा, म्हणाल्या. लवकर घेतली तर कामाची, दोन दिवस उलटले की तिचा जोर कमी पडतो. बायकोनं विचारलं, बाळाला काही होणार नाही ना? बाहेर रुग्णांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. डॉक्टरीणबाईंचा एक हात पुढच्या रुग्णाला बोलावायच्या घंटीवर होता. "काही होत नाही," त्या म्हणाल्या आणि घंटी वाजली.

हे वाक्य मिस्त्रीच्या चांगल्या ओळखीचं होतं. लिफ्ट तुटून पडणार नाही ना, असं लोक त्यालाही विचारायचे आणि तोही हेच म्हणायचा. खरं उत्तर लांबलचक होतं, ते ऐकायला कुणाला वेळ नसतो असं तो धरून चालायचा. आज पहिल्यांदा तो ते वाक्य ऐकणाऱ्याच्या जागी उभा होता, आणि त्यानं त्याचा जीव काही भांड्यात पडला नाही.

घरी येताना बायको एवढंच म्हणाली, "मागच्या वेळीही असंच म्हणाले होते. काही होत नाही."

मागच्या वेळी म्हणजे पहिल्या खेपेला. चौथ्या महिन्यात तिची दाढ ठणकली होती. दातांच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, तिनं निमूटपणे घेतल्या, आणि त्याच आठवड्यात सगळं संपलं. त्या गोळ्यांचा काही संबंध नाही, असं पुढं दोघा-तिघा डॉक्टरांनी सांगितलं. कधीकधी अशा गोष्टी कारणाशिवाय घडतात, म्हणाले. पण कारण नसलेलं दुःख कुठं ठेवायचं ते माणसाला कळत नाही. तिनं त्या गोळ्यांवर ठेवलं. तेव्हापासून ती डोकेदुखीवरचीही गोळी घेत नव्हती. चष्म्याच्या दुकानात कामाला होती ती, दिवसभर बारीक अक्षरं आणि भिंगं. कपाळ ठणकायला लागलं की ओला रुमाल बांधून बसायची.

तिनं पट्टी टेबलावर ठेवली ती अशी, पाव्हण्यानं आणलेला नको असलेला डबा ठेवावा तशी. "बघू," म्हणाली आणि आत जाऊन पडली.

सासूबाई पलीकडच्या गल्लीत राहायच्या. लेकीचा ताप कळताच त्या पिशवी घेऊन आल्या आणि आल्या आल्या लेकीच्या बाजूनं उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांनी लाँड्री चालवलेली, कडक इस्त्र्या हाताळून तळवे असे झालेले की लेकीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "मला मेलीला ताप कळतच नाही. सगळं जग कोमट लागतं." मग कपाळाला गाल लावून पाहिला आणि फडकं ओलं करायला घेतलं.

मिस्त्रीनं त्यांना बाजूला घेऊन समजावायचा प्रयत्न केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ताप येतो तसा जातो. तीन बाळंतपणं त्यांनी गोळीविना केली. एकदा दुधानं तोंड पोळलंय पोरीचं, आता ती ताक फुंकून पिणार नाही तर काय करणार? "जावईबापू, तिच्या मनाविरुद्ध काही करू नका. तेवढं माझं ऐका."

पण एक गोष्ट त्यानं दोघींपासून लपवली होती. गोळ्या घेताना औषधवाल्यानं त्याला थांबवून सगळं नीट सांगितलं होतं. मळमळेल, उलटी होऊ शकते, म्हणून खाऊन घ्यायची. डोकं दुखेल. क्वचित कुणाच्या अंगावर चट्टे येतात, चेहरा सुजतो, तसं झालं तर लगेच थांबवून दवाखाना गाठायचा. आणि फारच क्वचित, बहुतेक तरण्या पोरांत, माणूस भ्रमल्यासारखा बडबडतो. आता ते गोळीनं की तापानं, हे सांगणं अवघड, असंही तो म्हणाला. गिळवत नसेल तर कॅप्सूल उघडून गोड कशात तरी कालवा, पूड कडूजार असते.

हे घरी सांगितलं असतं तर बायकोनं पट्टी खिडकीबाहेर भिरकावली असती, असं त्याला वाटलं. म्हणून तो नुसतं म्हणाला, "औषधवालाही म्हणतोय, घ्या."

दुपारी कामाचा फोन आला. एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती आणि आत एक आजीबाई होत्या. नाही म्हणता येईना. सासूबाईंना बसवून तो गेला. वरच्या खोलीत जाऊन यंत्राची पेटी उघडली, तारांकडे हात नेला आणि तसाच थबकला. मेन स्विच त्यानं बंदच केलेला नव्हता. शिकाऊ असताना पहिल्या दिवशी जे शिकवतात ते तो आज विसरला होता. बोटं तारेपासून वीतभर अंतरावर होती. त्यानं हात मागं घेतला आणि जरा वेळ भिंतीला टेकून उभा राहिला. मग स्विच बंद केला, ब्रेक हातानं सैल करत लिफ्टचा डबा खालच्या मजल्याला आणला आणि उतरून जाऊन दार उघडलं. आजीबाई बाहेर आल्या त्या त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, तूच बस जरा. अडकले होते मी, घाम तुला फुटलाय."

घरी परतला तेव्हा उन्हं कलली होती. बायकोचा ताप चढला होता. ती एका कुशीवर होती, केस मानेला चिकटलेले, आणि श्वास घेताना तिचे खांदे हलत होते. सकाळी ते हलत नव्हते. तो दारातच उभा राहून पाहत राहिला. श्वास, श्वास, श्वास. मधे उसंतच नाही. सासूबाई तिच्या कपाळावरची ओल्या फडक्याची घडी बदलत होत्या आणि पुन्हा पुन्हा तिच्या खांद्यांकडे बघत होत्या. त्यांनाही दिसत होतं. पण गोळीचं नाव कुणी काढलं नाही.

सासूबाई पाणी तापवायला स्वयंपाकघरात गेल्या. मिस्त्री बाहेरच्या खोलीत आला आणि टेबलासमोर बसला.

पट्टीतली पहिली कॅप्सूल त्यानं कधी फोडली ते त्याचं त्यालाच नीट आठवलं नाही. कपाटातून मधाची बाटली काढली, वाटीत मध ओतला, कॅप्सूलचे दोन भाग पिरगाळून वेगळे केले. पांढरी पूड मधावर पडली आणि क्षणभर तशीच तरंगत राहिली. त्यानं चमच्यानं ढवळलं.

"खोकल्याला मध आणलाय," तो तिच्याजवळ बसत म्हणाला.

तिनं डोळे न उघडता तोंड उघडलं. कसला मध, कशाला, काही विचारलं नाही. त्याच्या हातात आहे म्हणजे घ्यायचं, एवढंच. चोच उघडलेल्या पिलासारखं ते तोंड, कोरडे ओठ, आणि चमचा त्यांच्यापासून दोन बोटांवर.

त्यानं चमचा मागं घेतला.

तोंड थोडा वेळ उघडंच राहिलं. मग तिनं डोळे उघडले, आधी चमच्याकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे.

"काय आहे त्यात?"

"गोळी," तो म्हणाला.

भिंतीकडे तोंड करून तिनं गुडघे पोटाशी घेतले, जमतील तेवढे. दारात सासूबाई उभ्या होत्या, हातातल्या पातेल्यातून वाफ येत होती. त्यांनी ऐकलं होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि त्या लेकीच्या पायथ्याशी जाऊन बसल्या.

"तू भ्यालास, म्हणून मला न विचारता?" भिंतीकडे बघतच बायको म्हणाली. एकेका शब्दाला तिला श्वास घ्यावा लागत होता. "मी भ्यालेली नाहीये का?"

"तुला सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस."

"काय सांगितलं असतं तर?"

तेव्हा मात्र त्यानं सगळं सांगितलं. औषधवाल्याचा शब्द न् शब्द. उलटीचं, चट्ट्यांचं, बडबडण्याचं. काही गाळलं नाही, काही मवाळ केलं नाही. बोलताना तो तिच्या पाठीकडे पाहत होता. ती पाठ केव्हा वळली ते त्याला कळलं नाही, पण सांगून संपलं तेव्हा ती त्याच्याकडे बघत होती.

"हे एवढंच?" ती म्हणाली. "मला वाटलं, न सांगण्यासारखं काहीतरी भयंकर असणार. दिवसभर तुझा चेहरा बघून मी काय काय ठरवलं होतं." मग खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत तिनं त्याचं मनगट धरून ठेवलं. "डॉक्टरीणबाईंना फोन लाव. मी बोलते. गोळी घेतली तर काय ते कळलं. नाही घेतली तर काय, ते अजून कुणीच सांगितलेलं नाही."

दवाखाना बंद व्हायची वेळ होती. यावेळी रांग नसावी. डॉक्टरीणबाईंनी आधी तिलाच बोलायला लावलं, आणि वाक्याच्या मधे ती दम घ्यायला थांबली तसा त्यांचा आवाज बदलला. मिस्त्रीनं फोन स्पीकरवर लावला होता. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी बसून ऐकत होत्या.

"सकाळी मी घाई केली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता नीट ऐका. पोट वाढलं की फुप्फुसांना जागा कमी पडते. तुमच्या दिवसांत फ्लू छातीत उतरायची भीती इतरांपेक्षा जास्त असते, आणि उतरला तर तुम्हाला आणि बाळाला, दोघांनाही धोका. चढलेला तापही बाळाला चांगला नाही. गोळीनं हे सगळं टळेलच, अशी हमी मी देणार नाही. शक्यता कमी होते. आजार थोडा लवकर आवरतो."

"आणि बाळ?"

"पुष्कळ गरोदर बायकांना ही दिलेली आहे. बाळांना अपाय झाल्याचं त्यात दिसलेलं नाही. दिसलेलं नाही, असं म्हणतेय मी. शंभर टक्के कशाचंच कुणी सांगू शकत नाही, न घेण्याचंही नाही. मला विचाराल तर तुमच्या जागी मी घेतली असती. पण गोळी घ्या किंवा न घ्या, असा श्वास लागलेला असताना घरी थांबू नका. आत्ता रुग्णालयात या. मी तिथं कळवते."

फोन ठेवल्यावर खोलीत फक्त तिच्या श्वासाचा आवाज उरला. दुकानात ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलत विचारायची, हे स्पष्ट की ते? कधीकधी दोन्ही सारखंच धुरकट दिसायचं आणि तरी एक निवडावं लागायचं. तिनं हात पुढं केला.

"दे तो चमचा. मी घेते."

सासूबाईंनी मधे बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. लेकीनं तो मध स्वतःच्या हातानं तोंडात घातला, तोंड वेडंवाकडं केलं, वाटी बोटानं पुसून घेतली. "खोकल्याचा मध म्हणे," ती म्हणाली. "एवढा कडू मध मी ओळखला नसता होय?"

रुग्णालयात निघायची तयारी होईपर्यंत तिला भडभडून उलटी झाली. सासूबाईंनी तसराळं पुढं धरलं. मिस्त्री तसराळ्यात वाकून बघू लागला. ही उलटी गोळीची की आजाराची? गोळी पोटात राहिली की गेली? औषधवाल्यानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट आता एकामागून एक होणार, असं त्याच्या मनानं घेतलं. तो तिच्या मानेवर चट्टे शोधायला लागला. ती काही पुटपुटली तर ती बडबडतेय का म्हणून त्यानं तिला दोनदा तिचंच नाव विचारलं. "वेडा झालास का?" ती म्हणाली, आणि हे वाक्य शुद्धीतलं आहे हे पटायलाही त्याला थोडा वेळ लागला.

मग तिनं पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा पडला.

"बाळ हललं नाहीये," ती म्हणाली. "मघापासून."

मघापासून म्हणजे केव्हापासून, हे तिला सांगता येईना. गोळीच्या आधीपासून की नंतर, हेही. तिनं मिस्त्रीकडे पाहिलं, त्या पाहण्यात आरोप नव्हता, आणि तेच त्याला सोसवलं नाही.

तिघं निघाले. लिफ्टमिस्त्रीच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, दिव्याखाली अंधार. एरवी शेजारी त्यावरून त्याची टिंगल करायचे. आज एकेक पायरी उतरताना तो तिच्या पुढं उलटा चालत होता, तिचे दोन्ही हात धरून, आणि सासूबाई मागून तिची कंबर धरून होत्या. प्रत्येक वळणावर ती थांबायची, कठड्याला टेकायची. कुणी बोलत नव्हतं. टॅक्सीत सासूबाईंनी लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि गाडी थांबेपर्यंत त्या तिच्या पोटावर हात फिरवत राहिल्या. ज्या हातांना ताप कळत नव्हता त्यांना बाळ कळेल, अशी आशा त्यांना कुठून आली कोण जाणे.

रुग्णालयात तिला चाकाच्या खुर्चीत बसवून वर नेलं. मिस्त्रीनं त्या लिफ्टचे दोर, ब्रेक, दारं, काही म्हणजे काही पाहिलं नाही. वर एका परिचारिकेनं तिच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, नाकाला प्राणवायूची नळी लावली, आणि मग पोटावर गार चिकट द्रव लावून बाळाचे ठोके ऐकायच्या यंत्राची दांडी फिरवली. आधी नुसती खरखर. परिचारिकेनं दांडी डावीकडे सरकवली, खाली सरकवली. खरखर. मिस्त्रीनं पलंगाचा लोखंडी गज इतका घट्ट धरला की नंतर त्याच्या तळहातावर वळ दिसले. सासूबाई भिंतीकडे वळून उभ्या राहिल्या.

मग खरखरीच्या आतून ते आलं. टपटपटपटप, घाईघाईचं, कुणीतरी छोट्या पावलांनी लांबून पळत येत असल्यासारखं.

"जोरात चाललंय," परिचारिका म्हणाली. "आईला ताप आहे ना, म्हणून पळतंय. पण ठीक आहे."

बायको रडली नाही. तिनं डोळे मिटले आणि ऐकत राहिली. रडल्या त्या सासूबाई, भिंतीकडे तोंड करूनच.

कॅप्सूल पोटात टिकली की नाही याची खात्री नव्हती, म्हणून तिथल्या डॉक्टरनं तिला थोडं खायला देऊन दुसरी घ्यायला सांगितली. ती तिनं पाण्याबरोबर गिळली. मळमळ होत राहिली, पण उलटी झाली नाही. चट्टे आले नाहीत. तरी मिस्त्री तिच्या मानेकडे बघायचा थांबला नाही. छातीत थोडा कफ उतरला होता, म्हणून तिला काही दिवस तिथंच ठेवलं. पहिल्या दोन दिवसांत तिचे खांदे हलायचे थांबले, ताप हळूहळू उतरला, आणि एका सकाळी त्याच्या डोळ्यांदेखत पोटावरची चादर आतून ढुशी बसल्यासारखी उचलली गेली. त्यानं हात ठेवला. तिनं ठेवू दिला.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. मिस्त्रीनं त्यांना विचारलं, हे गोळीनं बरं झालं की आपोआप झालं असतं? त्यांनी खांदे उडवले. हजार बायकांचं सांगता येतं, म्हणाल्या, एकीचं नाही. ते त्याला आवडलं नाही, पण पटलं.

दोघं घरी एकटे असताना, त्यानं चमच्याबद्दल माफी मागितली.

"चमचा मागं घेतलास, म्हणून बोलतेय तुझ्याशी," ती म्हणाली. "पण गोळी मधात कालवलीस, हेही मी विसरणार नाही. दोन्ही लक्षात राहील."

ते तसंच राहिलं. पुढचे कितीतरी दिवस त्यानं पेला दिला की ती तो उजेडाकडे धरून बघायची, मग प्यायची.

बायको घरी आली त्याच आठवड्यात सासूबाईंना ताप भरला. लेकीची सेवा करताना घेतलाच होता तो त्यांनी. त्यांना साखरेचा त्रास, वयही झालेलं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तीच गोळी लिहून दिली. लेक त्यांच्या उशाशी बसली आणि सगळं सांगायला लागली, मळमळीपासून बडबडण्यापर्यंत, आणि न घेतली तर काय तेही. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकून घेतलं.

"बडबडेन म्हणतेस?" त्या म्हणाल्या. "मग तुम्हाला फरक कसा कळणार?"

बायको हसली, हसता हसता खोकली आणि पोट धरून बसली. मिस्त्रीनं पाण्याचा पेला सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी कॅप्सूल जिभेवर ठेवली, मान मागं टाकली. तो दाराशी उभा राहून त्यांचा श्वास ऐकू लागला.